रुमाल टाकून गेलेली रॅम

मांजर्लीहून ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणारा इंजिनिअर बदलापूरला लोकल पकडतो आणि ठाण्याला गाडी बदलतो. मधल्या वेळात फोनवर हमखास मेसेज येतो: ‘साइट स्लो झालीय, बघ ना जरा.’ मग हा गडी गर्दीत एका हाताने कडी धरतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरूनच सर्व्हर रीस्टार्ट करतो. दिव्यापर्यंत साइट पळायला लागते, मुंब्र्याला मॅनेजरचा अंगठा येतो. अशा अंगठ्यांच्या जोरावर अप्रेझल निघतं.

बिघाड कसला होता, हे मात्र कोणी विचारत नाही. बऱ्याचदा तो मेमरी लीक असतो. प्रोग्रॅम कामापुरती मेमरी मागून घेतो आणि काम झालं की ती परत द्यायची, असा रिवाज आहे. तो पाळला नाही तर लोकलमधल्या रुमालासारखी गत होते. रुमाल टाकणारा केव्हाच उतरून गेला, सीट रिकामी आहे, पण बसायला कोणी धजत नाही. असे रुमाल वाढत गेले की डबा अर्धा रिकामा आणि पब्लिक दाराला लटकलेलं. यात बाहेरच्या हॅकरचा काही हात नसतो. कोणीतरी घाईत लिहिलेली कॅश असते, तिच्यात माल भरायची सोय असते, काढायची नसते. नाहीतर कधीच न संपणारी सेशन्स, न बंद केलेली डेटाबेस कनेक्शन्स.

यावर वरिष्ठांचा उपाय ठरलेला: रॅम वाढवा. आठ जीबीची सोळा केली की मंगळवारी बसणारा सर्व्हर पुढच्या सोमवारी बसतो. याला प्रेझेंटेशनमध्ये ‘स्थैर्यात सुधारणा’ म्हणतात.

लिनक्सचा न्याय तर आणखी भारी. मेमरी पार संपली की कर्नलचा ‘ओओएम किलर’ जागा होतो आणि बहुधा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला संपवतो. एकाच मशीनवर सगळा संसार असेल तर ती अनेकदा बिचारी मायएसक्यूएल निघते. गळती वेब अॅपची, फाशी डेटाबेसला! मग मीटिंगमध्ये दोन तास डेटाबेसवाल्याची हजेरी घेतली जाते. कर्नलच्या लॉगमध्ये मारलेल्या प्रोसेसचं नाव आणि त्या वेळची मेमरीची स्थिती नोंदवलेली असते, पण लॉग वाचल्याबद्दल अंगठा मिळत नाही.

रीस्टार्टला राजमान्यताही आहे, हे कबूल केलं पाहिजे. अपाचे आणि पीएचपी-एफपीएम या दोन्हींत अशी सेटिंग आहे की ठरावीक काम झालं की प्रोसेसने आपणहून मरावं आणि तिच्या जागी नवी यावी. कारणही मोकळेपणाने दिलंय: चुकून होणारी मेमरी गळती. पट्टी म्हणून ठीक आहे. आपल्याकडे पट्टीलाच ऑपरेशन म्हणतात.

लंडनच्या अॅम्ब्युलन्स सेवेत हे अंगाशी आलं. २६ ऑक्टोबर १९९२ ला तिथे गाड्या पाठवण्याची नवी संगणक यंत्रणा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती मंदावत मंदावत ठप्प झाली. कर्मचाऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे मशीन बंद-चालू करून पाहिली, उपयोग शून्य. चौकशीत निघालं ते असं: सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरच्या हातून थोडा कोड तसाच राहून गेला होता. गाडी रवाना झाली की फाइल सर्व्हरची जराशी मेमरी अडकायची, ती कधी सुटायचीच नाही. पर्यायी सर्व्हर होता, पण त्याची धड चाचणीच झाली नव्हती. शेवटी कागद-पेन्सिल बाहेर निघाली.

धनदांडगेही सुटलेले नाहीत. २२ ऑक्टोबर २०१२ ला अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउड सेवेत रेडिटसकट अनेक साइट्स लोळल्या. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला होता. त्याचा नवा पत्ता काही यंत्रांपर्यंत पोचलाच नाही. त्यांच्यावरचा माहिती पाठवणारा एजंट-प्रोग्रॅम जुन्याच दारावर थापा मारत राहिला आणि दर थापेला थोडी मेमरी खात गेला. गोळा होणारी माहिती महत्त्वाची असली तरी वेळेवर मिळायलाच हवी अशी नव्हती, हे विशेष.

तपासाची रीत काही गुप्तविद्या नाही. आधी आलेख बघायचा: गर्दी ओसरल्यावरही मेमरी खाली येत नसेल तर संशय पक्का. ‘फ्री’चा आकडा कमी दिसला म्हणून बोंब मारायची नाही, लिनक्स मोकळी रॅम फाइलींच्या कॅशला वापरतं, म्हणून ‘अव्हेलेबल’चा आकडा बघायचा. मग काही तासांच्या अंतराने दोन हीप डंप (प्रोग्रॅमच्या मेमरीच्या नकला) घेऊन ताडायचे, कोणती वस्तू फुगली ते कळतं. ती कोणी धरून ठेवलीय हे शोधलं की बहुतेकदा दुरुस्ती चार ओळींची निघते.

अडचण एवढीच की रीस्टार्ट केला की हा सगळा पुरावा पुसला जातो. तेव्हा लोकलमधल्या बंधू-भगिनींनो, यापुढे ते बटण दाबण्याआधी एक हीप डंप काढून ठेवा. डिस्कवर तेवढी जागा आहे का, ते मात्र आधी बघा.