अनाथ हत्ती आणि दोडामार्गचे काका

श्रीलंकेच्या सहलीला गेलेला मराठी माणूस आधी रावणाची चौकशी करतो आणि मग हत्तींची. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मंडळींना खरी अशोकवाटिका कुठली यावर वाद घालायचा होता. उरलेल्यांना पिन्नवलाचं हत्तींचं अनाथालय बघायचं होतं. ते कोलंबोहून कँडीला जाताना वाटेवरच असल्यामुळे रावण मागे पडला.

बसमध्ये गाईडने माईक हातात घेतला. 1975 साली हे अनाथालय सुरू झालं; कळपापासून तुटलेली, खड्ड्यात पडलेली, आई गमावलेली पिल्लं इथे आणून वाढवतात, असं तो इतक्या हळव्या आवाजात सांगत होता की पुण्याच्या काकूंनी पर्समधून रुमाल काढला. आमच्या हिने चकल्यांचा डबा बंद केला. तिच्या बाबतीत हा शोकाचा वरचा टप्पा समजायचा. तेवढ्यात शेवटच्या सीटवरून आवाज आला, "आणि ह्येंची आवस कशान मेली, ता पण सांग म्हणा त्येका!"

हे दोडामार्गचे काका. नारळ, सुपारी, केळी असा त्यांचा बारदाना. 2002 सालापासून कर्नाटकातले हत्ती त्यांच्या तालुक्यात येऊ लागले. मुलाने हौसेने तिकीट काढून दिलं म्हणून काका आले होते. एरवी हत्ती बघायला समुद्र ओलांडायची त्यांना गरज नव्हती. हत्ती स्वखर्चाने त्यांच्या घरी येत.

गाईड प्रामाणिक निघाला. हत्ती शेतात शिरतात, शेतकरी चिडतात. मग कुठे बंदूक, कुठे विजेची तार, कुठे भोपळ्यात लपवलेली स्फोटक दारू. तोंडात फुटणाऱ्या या प्रकाराला तिथे 'हक्का पटस' म्हणतात. बस गप्प झाली. काका म्हणाले, "वायट. लय वायट." मग थोडं थांबून, "पण रातीचो फटाके घेवन बसतलो कोण?" यावर मुंबई-पुण्याकडच्या एकाही प्राणिमित्राने हात वर केला नाही.

तिकिटाच्या खिडकीवर सार्क देशांच्या नागरिकांना परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी दर आहे हे कळल्यावर दुःख बरंच हलकं झालं. सार्क ही संघटना नेमकं काय करते, हा प्रश्न शाळेपासून माझ्या मनात होता. तो सुटला.

पिल्लांना बाटलीने दूध पाजायचं असेल तर पैसे वेगळे. आमच्या हिने ते भरले. समोर आलेलं पिल्लू उंचीने तिच्या छातीपर्यंत, पण डोक्यावर ताठ, विरळ केस आणि चेहऱ्यावर वसुलीला आलेल्या माणसाची निकड. आम्हाला वाटलं, सोंडेने पिईल. त्याने सोंड कपाळावर टाकली, खालचा गुलाबी जबडा उघडला आणि बाटली थेट तोंडात घेतली. मी मोबाईलचा कॅमेरा शोधेपर्यंत बाटली रिकामी. "अरे थांब ना, फोटो यायचाय," असं ही त्याला खास मराठीत सांगत होती. त्याने तिच्या ओढणीचा वास घेतला, तिच्यात दूध नाही याची खात्री करून घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलं. वात्सल्य एकतर्फी असतं हे आम्हाला घरच्या अनुभवावरून माहीत होतंच.

काका मात्र वर बघत होते. ही जागा 25 एकरांची नारळाची बाग होती, असं गाईड म्हणाला आणि काकांचा चेहरा उतरला. "माडांच्या बागेत हत्ती हाडून सोडल्यानी? जाणूनबुजून?" त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

पुढे कळपात पोक्त हत्तिणींच्या पायांत पिल्लं घुटमळत होती. इथे 1984 साली पहिलं पिल्लू जन्मलं, आणि 2021 मध्ये तर सुरंगी नावाच्या हत्तिणीला जुळं झालं. "म्हणजे यांना आई आहे?" पुण्याच्या काकूंनी फसवणूक झाल्याच्या सुरात विचारलं आणि रुमाल पर्समध्ये ठेवला. आई होती, मावश्या होत्या, आज्याही असणार. आम्ही बसभर करुणा घेऊन आलो होतो आणि उतरवून घ्यायला कोणी रिकामं नव्हतं. सामा नावाची हत्तीण तेवढी वेगळी. यादवीच्या काळात पेरलेल्या सुरुंगावर तिचा पुढचा पाय गेला. तीन पायांवर उभी राहून ती फांदी सोलत होती. काका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि प्रथमच काही बोलले नाहीत.

मग आंघोळीची वेळ झाली. महा ओया नदीकडे जायला हत्तींना रस्ता ओलांडून दुकानांच्या अरुंद गल्लीतून उतरावं लागतं. गल्लीत दोन्ही बाजूंना लाकडी हत्ती, चित्रांचे हत्ती आणि मधून खरे. काकांची नजर एका हत्तिणीच्या सोंडेवर होती. "केळी आत घे रे!" ते एकदम ओरडले. सिंहली दुकानदाराने मालवणीतली ही सूचना तत्काळ पाळली आणि घड आत ओढला. हत्तीण क्षणभर रेंगाळली आणि नाइलाजाने नदीत उतरली. अर्ध्या पर्यटकांनी फोटोत तिचा 'उदास' चेहरा टिपला. उदासीचं कारण आम्हाला ठाऊक होतं.

शेवटी हत्तीच्या शेणापासून कागद करणाऱ्यांचं दुकान. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातला निम्मासुद्धा नीट पचवत नाही; राहिलेले तंतू धुऊन, उकळून, लगदा करून कागद. सगळ्यांनी नाकाला लावून बघितला. वास अजिबात नव्हता. आमच्या हिने डायरी घेतली, पुण्याच्या काकूंनी शुभेच्छापत्रं घेतली आणि ती कुणाला पाठवायची याचा विचार करून त्या स्वतःशीच हसल्या.

काकांनी एक कागद उजेडात धरला, बोटांनी चोळला आणि दर विचारला. दर ऐकून म्हणाले, "आमकाय हत्तीकडसून कागदच गावलो."

"कसला, काका?"

"पंचनाम्याचो."