खरवस, हक्कास बाधा न येता

शिवाजी पेठेतल्या एका गाड्यावर दोन सख्खे भाऊ एका बाकावर बसून चहा प्याले आणि थोरल्याला करारभंगाची नोटीस आली.

करारातलं कलम सहा : ‘गुंतवणूकदाराच्या लेखी संमतीखेरीज वादी प्रतिवादीशी तडजोडीची बोलणी करणार नाही.’ दावा उसाच्या रानातल्या बांधाचा. वादी थोरला, प्रतिवादी धाकटा आणि खर्च ‘पार्टी’चा. पार्टी म्हणजे दाव्यात पैसा लावणारा, हे कोल्हापुरात सांगायला नको. कोर्ट फी, वकील, मोजणी सगळं पार्टी भरणार. निकाल लागला की रानात सहा आणे घेणार.

चहाचं प्रकरण मिटतं न मिटतं तोच आईचं वर्षश्राद्ध आलं. एका पंगतीला बसायचं का? संमती आली : बसा, पण मध्ये एक पाहुणा ठेवा. ‘घे की रं दादा, आणि एक वडा,’ हा तडजोडीचा प्रस्ताव धरायचा का, यावर वकिलांचं लेखी मत मागवलं. मताची फी दाव्याच्या खर्चात, म्हणजे शेवटी रानावरच. पुढं धाकट्याची म्हैस व्याली. त्याच्या बायकोनं जावेकडं खरवस धाडला, तर डब्यावर चिठ्ठी : ‘हक्कास बाधा न येता.’ थोरलीनं डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात साखर घातली. झालं! गोड तोंडानं परतफेड, म्हणजे बोलणी पुढं सरकली. दुसरी नोटीस. आता दोघी जावा विहिरीवर भेटल्या तर एकमेकींकडं बघतसुद्धा नाहीत. बघितलं तर व्याज वाढतं.

हसू नका. तीन हात बांधासाठी दोन घरं कोर्टात उभी आहेत, आणि ज्याला त्यात एक ढेकूळ उचलावं लागलं नाही, तो म्हणतो, मिटवायचं नाही! वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही. सावकाराला 2014च्या कायद्यानं परवाना लागतो. दुसऱ्याच्या भांडणात पैसा पेरणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही. गरिबाला लढायला पैसा मिळतो, हे खरं. तो मिळू दे की. पण पैसा लावणाऱ्याचं नाव पहिल्याच तारखेला कोर्टापुढं यावं, हरल्यास समोरच्याचा खर्च त्यानं भरावा, आणि तडजोडीला त्याची ‘ना’ चालू नये. कलम सहा तर करारात लिहिताच येऊ नये.

यातलं थोडं आधीच आहे. महाराष्ट्रापुरती मुंबई उच्च न्यायालयानं 1983 साली दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात दुरुस्ती केली. खर्चाच्या बदल्यात दाव्यातल्या मिळकतीत वाटा लिहून घेणाऱ्याला कोर्ट वादी करू शकतं. तो नको म्हणाला तर प्रतिवादी करू शकतं, आणि खर्चाचा जामीन मागू शकतं. म्हणूनच पार्टी कागदावर ‘वाटा’ लिहीत नाही, ‘हातउसने’ लिहिते.

तेव्हा धाकट्या भावांनो, पुढच्या तारखेला वकिलांना एवढंच सांगा : वादीच्या मागं कोण उभा आहे, ते आधी विचारा. जामिनाचा अर्ज प्रतिवादीलाही करता येतो.