आयुष्य अपलोड करण्यापूर्वी : नवशिक्यांसाठी माहितीपुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी? ज्यांची साठी उलटली आहे, ज्यांच्या हातात मुलाने वापरून सोडलेला स्मार्टफोन आहे, आणि ज्यांना गेल्या दिवाळीत घरातलं कोणीतरी म्हणालं, "आप्पा, तुमच्या या आठवणी कुठेतरी नोंदवून ठेवायला पाहिजेत हो." हे वाक्य बोलणारा माणूस त्या वेळी बहुधा पायात चपला सरकवत असतो. त्याला आठवण ऐकायची नव्हती, म्हणून त्याने ती नोंदवायला सांगितली. एवढं ओळखलंत की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी ॲप आहेत.

साहित्य : एक फोन, चार्जर, जवळचा चष्मा आणि एक नातू. नातू शक्यतो परीक्षा नसलेला घ्यावा. फोनमध्ये आधी जागा करा. जागा नसणारच, कारण तिथे गेल्या तीन-चार वर्षांतल्या सर्व सकाळी दवबिंदूंसह साठवलेल्या आहेत. ते सुप्रभात पुसताना हळवे होऊ नका. उद्या नवे येतात.

आता ॲप निवडा. ढोबळमानाने त्यांच्या तीन जाती आहेत. पहिली जात दर आठवड्याला एक प्रश्न ई-मेलने धाडते; तुम्ही उत्तर लिहायचं, आणि वर्ष सरलं की सगळ्या उत्तरांचं बांधीव पुस्तक घरपोच येतं. अमेरिकेतली स्टोरीवर्थ ही सेवा अशी चालते. दुसरी जात तुमचा आवाज टिपून घेते. तिसरी वंशावळ मागते, आणि जुना फोटो दिलात तर त्यातल्या माणसाला हलवूनही दाखवते. मायहेरिटेज या कंपनीने ही करामत २०२१ साली बाजारात आणली. खापरपणजोबांनी हयातीत कोणासमोर मान तुकवली नव्हती; आता ते डावी-उजवीकडे बघतात, पापण्या मिटतात आणि किंचित हसतात. हे एकदाच बघावं. आजीला दाखवू नये.

ॲप उघडल्यावर ते पहिली गोष्ट विचारतं ती जन्मतारीख. इथेच पुष्कळ मराठी आत्मचरित्रं संपतात. तुमची तारीख १ जून असण्याचा संभव दांडगा आहे, आणि ती तुमची नसून गुरुजींची आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला हाताला धरून आणायचा, गुरुजी पोराकडे एकदा आपादमस्तक बघून वय ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यांच्या हस्ताक्षरामुळे महाराष्ट्रात दर ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून माणसं घाऊक निवृत्त होतात. आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आषाढातला तू, ओढ्याला पाणी होतं आणि सुईण पलीकडे अडकली होती. ही खरी जन्मतारीख. पण ॲपमध्ये आषाढाला रकाना नाही, ओढ्याला तर नाहीच. १ जून टाका आणि पुढे चला. ॲप दर वर्षी त्या दिवशी फुगे उडवेल. सवयीने तुम्हीही आनंद माना.

तारखांची ही कटकट पुढेही सोडत नाही. प्रत्येक प्रसंगाला दिवस, महिना, साल हवं असतं, कारण ॲपला तुमचं आयुष्य एका आडव्या रेघेवर टाचण्यांनी टोचायचं आहे. आपल्याकडची माणसं मात्र लग्न कधी झालं विचारलं तर सांगतात, पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. थोरला कधी झाला? कोयनेच्या भूकंपात पोटात होता. शेत कधी विकलं? सुकडी आणि मिलो खात होतो तेव्हा. यातलं एकही उत्तर मोघम नाही. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, कोयना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे हादरली, आणि मिलो म्हणजे १९७२ चा दुष्काळ. उलट शेत कोणत्या परिस्थितीत विकलं हे त्या लाल ज्वारीच्या नावातच आलं. तेव्हा तारखेच्या चौकटीत नातू सांगेल ते अंदाजे साल भरा, आणि शीर्षकाच्या चौकटीत पूर, भूकंप, दुष्काळ जे काही असेल ते घाला. ॲप तक्रार करत नाही. शीर्षक ते वाचतच नाही.

पुढची पायरी, प्रश्न. हे प्रश्न बहुतेक अमेरिकेत घडलेले असतात, त्यामुळे ते तुम्हाला तुमची पहिली मोटारगाडी कोणती आणि लहानपणी तुमच्या खोलीच्या भिंती कोणत्या रंगाच्या होत्या असं विचारतात. तुमची खोली! दोन खोल्यांत अकरा माणसं, त्यातला एक कोपरा देवाचा आणि एक पाहुण्यांचा. अशा प्रश्नांवर रागावू नका, त्यांना वळसा घाला. पहिल्या गाडीच्या जागी स्कूटरचा नंबर लावून किती वर्षं वाट पाहिली आणि ती आली तेव्हा ती चालवण्याचं वय कसं उलटून गेलं होतं, ते लिहा. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी कोण जायचं? रामायण बघायला कोणाकडे जायचात, आणि त्या घरातल्या बाईच्या तोंडावर दर रविवारी काय दिसायचं? असले प्रश्न कुठल्याही ॲपमध्ये सापडत नाहीत, कारण ते बनवणाऱ्याला कधी दुसऱ्याच्या सतरंजीवर बसून टीव्ही बघावा लागलेला नाही.

लिहिण्याचा कंटाळा असेल तर बोला. फोन आता मराठी ऐकून टाइप करतो. मात्र त्याला सासर-माहेरची फारशी कल्पना नाही. "मामंजी कडक होते" असं बोललात तर "मम्मीजी कडक होते" उमटण्याची तयारी ठेवा. तुमचं सगळं बालपण वाड्याऐवजी वड्यात जाऊ शकतं. पूर्णविराम तर बहुधा येतच नाही, त्यामुळे मुंज, मॅट्रिक, नोकरी आणि मूळव्याध एका दमात होऊन जातात. त्यापेक्षा नुसता आवाज रेकॉर्ड करणं बरं. पंखा बंद करा. तो कानाला ऐकू येत नाही पण माइकला फक्त तोच ऐकू येतो. कुकरच्या शिट्ट्या आल्या तर येऊ द्या. पुढेमागे कोणी ऐकेल तेव्हा त्या त्याला तुमच्या मुद्द्यापेक्षा जास्त आवडतील. फोन विचारेल, वेव्ह की एमपी-थ्री? सीडीच्या दर्जाचा वेव्ह आवाज मिनिटाला साधारण दहा एमबी खातो, साधा एमपी-थ्री एकच. मुंज एमपी-थ्रीत उरका. आई गेली तो दिवस वेव्हमध्ये ठेवा.

आता एक धोक्याची सूचना, ठळक अक्षरांत आहे असं समजून वाचा. लिहून झालं की ॲपच्या कोपऱ्यात एक चमकती चांदणी दिसेल. तिला हात लावू नका. ती तुमचं लिखाण 'सुधारते'. तुम्ही लिहिलेलं असतं, "सासूबाई मला पहिलं वर्षभर चुलीपाशी येऊ देत नव्हत्या, कारण माझ्या भाकरीला पदर सुटत नव्हता." चांदणी दाबली की होतं, "नवीन कुटुंबाच्या समृद्ध पाककलेच्या परंपरेशी जुळवून घेणं हा माझ्या जीवनप्रवासातला एक अविस्मरणीय अध्याय ठरला." सासूबाई गेल्या, भाकरी गेली, तुम्हीही गेलात. जीवनप्रवास राहिला. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचं शिक्षण नव्हतं, नवऱ्याने घरी अक्षरओळख करून दिली, आणि १९३४ पासून भागाभागांनी 'स्मृतिचित्रे' आलं तेव्हा मराठीतल्या पंडितांना आपली वाक्यं जरा जड वाटायला लागली असावीत. त्यांच्या हाताशी चांदणी नव्हती हे आपलं नशीब.

इथवर सगळं यंत्राचं झालं. आता या पुस्तिकेतली अवघड पायरी, जी कुठल्याही ॲपच्या मदत-पानावर पहिल्या क्रमांकाला नसते : खुर्ची. दुसरी खुर्ची.

अमेरिकेत डेव्ह आयसे नावाच्या रेडिओवाल्याने २००३ साली न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक छोटीशी खोली उभारली. तिची फीत कापायला स्टड्स टर्केल आले होते, ज्यांनी जन्मभर साध्या माणसांना बोलतं केलं. या उपक्रमाचं नाव स्टोरीकॉर्प्स. खोलीत एकमेकांना ओळखणाऱ्या दोघांनी बसायचं, आई-मुलगी, मित्र, नवरा-बायको. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, चाळीस मिनिटं. संमती असेल तर ध्वनिमुद्रणाची प्रत थेट वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात. २०१५ साली त्यांनी हे सगळं फोनच्या ॲपमध्ये आणलं, तरी दुसरा माणूस काढून टाकला नाही. खोली, माइक, संग्रह यांतलं काहीही कमी-जास्त झालं तरी चाललं असतं. दोन खुर्च्यांपैकी एक काढली असती तर ते पोलिसांचं जबाब नोंदवणं झालं असतं.

आपल्याकडे या खुर्चीची सोय बराच काळ जात्याने केली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहात आता घरबसल्या ऐकता येतात. भावाने न केलेली भाऊबीज, सवत, पाऊस, एकटेपण, सगळं त्यांत आहे. घरातल्या कोणाला सांगायची सोय नव्हती ते त्या दगडाला सांगत गेल्या. दगड मधे बोलत नव्हता, आणि समोर खुंट्याला हात लावून दुसरी बाई बसलेली असे, तिला ते सगळं आधीच ठाऊक असे.

तर नातवाला समोरच्या खुर्चीत बसवा. त्याचा फोन त्याच्याकडून काढून घ्या, नाहीतरी रेकॉर्डिंग त्याच्याच फोनवर करायचं आहे. त्याला एकच शब्द शिकवा : "मग?" कोणत्याही ॲपमध्ये या नावाचं बटण नाही. आजी ॲपला सांगते, "मी सातवी फायनलला केंद्रात पहिली आले होते." ॲप म्हणतं, छान, आता तुमच्या आवडत्या पदार्थाबद्दल सांगा. नातू म्हणतो, "मग आठवीत का नाही गेलीस?" आणि आजी जरा वेळ गप्प बसते. हे गप्प बसणं रेकॉर्ड होऊ द्या. 'शांत भाग आपोआप काढून टाका' अशी एक सोय सेटिंगमध्ये असते, ती आधीच बंद करून ठेवा.

प्रकाशन. बटण दाबताच विचारणा होते : सर्वांना, फक्त कुटुंबाला, की फक्त मला? नवशिक्यांना 'फक्त कुटुंबाला' हा सुरक्षित पर्याय वाटतो. हा सगळ्यांत घातक पर्याय आहे. सर्वांना दाखवलंत तर कोणी वाचणार नाही. कुटुंबाला दाखवलंत तर नागपूरच्या वहिनी वाचतील, आणि १९८३ साली पाटल्या कोणाकडे गेल्या हा विषय पुन्हा निघेल. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ ला आलं, सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० ला. या दोघांपाशी असली तिहेरी सोय नव्हती, सरळ सर्वांना. बोलणारे बोलले, पुस्तकं अजून वाचली जातात. याहून सावध राहायचं तर विष्णुभट गोडसे यांचा धडा गिरवा. सत्तावन्नच्या धामधुमीत प्रत्यक्ष सापडलेला हा भिक्षुक. त्याने नंतर सगळं लिहून काढलं आणि 'माझा प्रवास' छापून आलं ते १९०७ साली. यालाच हल्ली पोस्ट शेड्यूल करणं म्हणतात.

साठवण. आयुष्य 'ढगात' राहतं असं नातू सांगेल. ढग भाड्याचे असतात. ज्यांनी ऑर्कुटवर मित्रांकडून आपल्याविषयी दोन शब्द लिहून घेतले होते, त्यांचा तो ढग ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाला. गूगलचं खातं दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर ते पुसण्याचा कंपनीने अधिकार राखून ठेवलेला आहे. म्हणजे मेल्यावरही अधूनमधून लॉगिन करावं लागणार. आपल्यामागे खात्यातला ऐवज कोणाला द्यायचा हे आधी लिहून ठेवायची सोय त्यातच आहे, ती आजच भरा. घरातल्या काकांनी निवृत्तीनंतर जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेलं आत्मवृत्त असेल तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर फाइल उघडते आणि 'माझे बालपण' या प्रकरणात इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि कंस निघतात. शिवाय एक प्रत कागदावर छापा. सहस्रचंद्रदर्शनाला ती स्टीलच्या डब्याबरोबर वाटता येते. डबा वापरला जाईल.

नेहमीच्या अडचणी. ॲप अडकलं तर फोन बंद करून चालू करा. आठवण अडकली तर चहा टाका. पत्नी आतल्या खोलीतून "तसं नव्हतं ते" म्हणाली तर रेकॉर्डिंग थांबवू नका, माइक तिकडे सरकवा. तुमच्या आठवणी वाचून धाकट्या भावाने 'खरी हकीकत' नावाने स्वतःचं खातं उघडलं आणि ते चालवता येत नाही म्हणून तुमची मदत मागितली, तर ही पुस्तिका त्याला द्या. पासवर्ड देऊ नका.