ओसरीवरचा खलाशी

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. ही म्हण रचणाऱ्याने पॉपायला पाहिलं असण्याची शक्यता नाही. पण या एकडोळ्या खलाशाची कुंडली मांडायची, तर सुरुवात तिथूनच करावी लागते. एल्झी सीगर या अमेरिकी चित्रकाराची ‘थिंबल थिएटर’ ही वृत्तपत्रातली चित्रमालिका १९१९ साली सुरू झाली, तेव्हा पॉपायचा मागमूसही नव्हता. ऑलिव्ह ऑइल होती, सडपातळ, मागे केसांचा घट्ट बुचडा बांधलेली; पुढे तिचा खटपट्या भाऊ कॅस्टर आला. आणि पहिल्यापासून होता तो तिचा प्रियकर, हॅम ग्रेव्ही. त्यांचा होऊ घातलेला संसार होऊ घातलेलाच राहून नऊ-दहा वर्षं सुखाने चालला होता.

मग १७ जानेवारी १९२९ उजाडला. एका बेटावरच्या जुगारअड्ड्यावर जायला कॅस्टरला जहाज चालवणारा हवा होता. धक्क्यावर एक जण दिसला: दंड काटकुळे, कोपराखाली मात्र दुधीभोपळ्यासारखे हात आणि त्यांवर गोंदलेला नांगर. खलाशी आहेस का, असं विचारताच, मग काय काउबॉय वाटलो, असा तिरसट उलटा सवाल आला. तेवढ्यावर नोकरी पक्की झाली. काम त्या सफरीपुरतंच होतं. ती आटोपल्यावर सीगरने त्याला निरोपही दिला. पण त्याला परत आणा, असा वाचकांनी धोशा लावला. तो आला आणि घरचाच झाला.

त्याच्या ताकदीचं गुपित तेव्हा पालकात नव्हतं, हे पालकाच्या भाजीसाठी त्याची साक्ष काढणाऱ्या आयांनी मनावर घेऊ नये. बंदुकीच्या गोळ्या खाऊनही तो जगला, तो बर्नीस नावाच्या एका जादूच्या कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्यामुळे. पालक मागाहून आला. १९३३ पासून फ्लायशर बंधूंच्या कार्टूनपटांनी पालकाचा डबा त्याच्या हातात कायमचा दिला आणि १९३७ साली टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने त्याचा पुतळाच उभारला. कोंबडीचे उपकार लोक विसरले.

माझा जीव मात्र हॅमपाशी घुटमळतो. ऑलिव्हला आधी डोळ्यांसमोरही नको असलेला खलाशी हळूहळू आवडू लागला आणि हॅम कथेतून बाजूला झाला. पुढे १९३८ साली, अवघ्या ४३व्या वर्षी, सीगरही गेला; घर बांधणारा गेला, पाहुणा राहिला. पॉपायसाठी हट्ट धरणाऱ्या त्या वाचकांपैकी एखाद्याने तरी कधी हॅमची चौकशी केली असेल, असं मानायला मला आवडतं.