वाटेत गाव असलेला माणूस

पुणे ते कन्याकुमारी सायकलने निघालेल्या गटात एक डॉक्टर लागतो, एक पंक्चर काढणारा लागतो आणि प्रत्येक चढावर आपल्या हृदयाचे ठोके मोठ्याने वाचून दाखवणारा तर न बोलावताच येतो. पण ज्याचं गाव नेमकं हायवेला आहे, त्या माणसाची नोंद कॅप्टनच्या यादीत कुठेच नसते. खरा दौरा तोच चालवतो.

कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत हा चारचौघांसारखा असतो. सारोळ्याला नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात चाक टेकलं, की पाठ ताठ होते, बोलण्यात 'लई' शिरतं आणि रस्त्याची मालकी त्याच्याकडे जाते. खंबाटकीला आपली जीभ बाहेर आलेली असते. पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा आणि जाणाऱ्यांना घाट ही जुनी सोय जिल्ह्याने पाहुण्यांची पारख करायलाच ठेवलीय, असं तो तेव्हा धापा न टाकता सांगतो. भुईंजच्या पुलावर सगळ्यांना थांबवून म्हणतो, "आमची कृष्णा." ती पुढे आंध्रात जाऊन समुद्राला मिळते, हे त्याला मान्य असतं, पण त्यात तो आंध्रावरचे उपकार पाहतो. साताऱ्यात इलेक्ट्रल बाजूला ठेवायला लावून कंदी पेढे वाटतो. नागठाणे, अतीत, काशीळ... प्रत्येक फाट्याला त्याची एक मावशी दिलेली आहे. काशीळहून आत पालीचा खंडोबा, उंब्रजला समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. गटातल्या नास्तिकालासुद्धा सायकलवरून दोनदा हात जोडावे लागतात.

त्याचं स्वतःचं गाव उंब्रजच्या अलीकडे, हायवेपासून "हे हितं". हे 'हितं' साधारण चार किलोमीटर भरतं. कॅप्टनच्या कागदावर लिहिलेलं असतं : चहा, १० मिनिटं. याच्या मनात मात्र दोन बेत असतात. गटाला आपलं गाव दाखवायचं आणि गावाला आपला पराक्रम.

गावाच्या वेशीवर तो उतरतो आणि घट्ट सायकलच्या चड्डीवर गुपचूप ट्रॅक पँट चढवतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याला न घाबरणारा हा माणूस पारावरच्या आबांना घाबरतो.

"कुणाचा रं तू?"

हेल्मेट निघतं. "आरं, ह्यो तर बारक्या!" पुण्यात ज्याच्यासमोर अर्धं ऑफिस उभं राहतं, तो बारक्या खाली वाकून पाया पडतो.

"गाडी इकलीस का रं?"

"न्हाई आबा. हौस म्हणून चाललोय. कन्याकुमारीला."

आबा बराच वेळ विचार करतात. "एश्टी बंद हाय व्हय?"

मग सायकलची तपासणी होते. तिला स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरेज नाही, घंटीसुद्धा नाही. दुकानदाराने पोराला फसवलं यावर पाराचं एकमत होतं. किंमत विचारली जाते. बायकोला निम्मी सांगितलेली ती किंमत इथे आणखी निम्मी होते, तरी एकजण कपाळावर हात मारतो. तेवढ्यात म्हशीचं जमलं असतं. पराक्रमाचा विषय आबाच मिटवतात. "म्या दुधाची दोन कॅनं लावून रोज उंब्रजला जायचो. पायात चप्पल बी नसायची." बारक्याच्या स्ट्राव्हा ॲपवर यासाठी कुठलंही पदक नाही.

घरी चहाच्या आधी पाणी येतं आणि चहानंतर ताटं. शिरवळहून याने गुपचूप फोन केलेला असतो. तेव्हापासून चूल पेटलेली आहे. पिठलं, भाकरी, ठेचा, दही, शेंगदाण्याची चटणी. "एवढ्यानं काय व्हतंय" म्हणत प्रत्येक ताटात आणखी एक भाकरी पडते. कॅप्टन घड्याळाकडे बघतो, तेवढ्यात आई त्याच्यापुढे येऊन उभी राहते. "तुमीच का आमच्या पोराला उनातानात पळिवणारं?" कॅप्टन तिसरी भाकरी घेतो.

निघताना पंक्चरच्या ट्यूबा ठेवायच्या बॅकअप गाडीत गुळाची ढेप, शेंगांचं पोतं आणि "वाटंत लागंल" म्हणून चटणीचा डबा चढतो. डॉक्टरची बॅग टपावर जाते. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम डोळ्यांसमोर असूनही हा गप्प असतो. पोटातलं पिठलं त्याला बोलू देत नाही. त्या दिवशीचं कोल्हापूर मग दुसऱ्या दिवशी येतं.

कागल मागे पडून कर्नाटक लागतं, तेव्हा कॅप्टन पहिल्यांदा हसतो. आता याचं कोणी भेटणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. पण कॅप्टन मूळचा पुण्याचा. विटा, खानापूर, आटपाडी, खटावकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यापायी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरलीत, हे त्याच्या नकाशात नसतं. याच्या चुलतभावाची सासुरवाडी विट्याची. मदुराईच्या सराफ गल्लीत, चहूकडून तमिळ ऐकू येत असताना, एका दुकानातून हाक येते : "उंब्रजच्या अलीकडचं नव्हं का तुमी?"

भाकऱ्या तयार असतात. कॅप्टन पुढच्या मुक्कामाचं पुटपुटतो, तसे पाव्हणे त्याला खांद्याला धरून खाली बसवतात.

"बसा वो. कन्याकुमारी काय पळून चाललीया व्हय कुटं?"