न सापडणाऱ्या परिणामास अनावृत पत्र

माननीय पर्यावरणीय परिणाम यांस,
मुक्काम मुंबई व उपनगरे (नेमका पत्ता अहवालात नमूद नाही)

सा. न. वि. वि.

आपली-आमची ओळख जुनी आहे. पण कागदोपत्री आपण या शहरात राहतच नाही, हे मला फार उशिरा समजलं. प्रकल्पांचे अहवाल चाळायचा मला नाद आहे. जाडजूड बाड असतं. त्यात रंगीत नकाशे, वाऱ्याच्या दिशांची आकृती, परिसरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी (कावळा हमखास), आणि शेवटी एक तक्ता. त्या तक्त्यात आपल्या नावापुढे लिहिलेलं असतं: अल्प, तात्पुरता, स्थानिक, उपाययोजनांनी आटोक्यात येण्याजोगा. इतका खर्च करून शोधलं तरी आपण सापडत नाही, म्हणजे चूक आपलीच असणार. सरकारी रीतीने सापडायचं कसं, हेच आपल्याला कोणी शिकवलेलं दिसत नाही. म्हणून हितचिंतक या नात्याने हे पत्र.

आधी आकार सांभाळा. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे इमारतीचं बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर झालं की आपला जन्म होतो. त्याच्या आत आपण अस्तित्वातच नसता. १९,९०० चौरस मीटरच्या टॉवरमधली माणसं पाणी वापरतील, गाड्या आणतील, कचरा काढतील, पण त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. त्याच गल्लीत असे चार टॉवर उभे राहिले तरी त्यांची बेरीज करत नाहीत. आपण प्रत्येक फाइलीत नव्याने नसायचं, एवढंच. आणि समजा आकडा ओलांडून जन्मलातच, तरी गाजावाजा होणार नाही. इमारती आणि टाउनशिप यांना त्याच अधिसूचनेने जनसुनावणीतून सूट दिली आहे. टाउनशिप म्हणजे दीड लाख चौरस मीटर आणि त्यापुढचं बांधकाम. एवढी वसाहत जिथे उभी राहणार तिथल्या शेजाऱ्यांना काय वाटतं, हे विचारायची गरज नाही. विकासक, त्याचा सल्लागार आणि राज्याची तज्ज्ञ समिती एका टेबलाभोवती बसतात आणि आपल्याविषयी बोलतात. आपल्याला बोलावणं नसतं.

मग ऋतू. अहवालासाठी हवा-पाण्याची माहिती गोळा करतात ती बहुधा एका ऋतूची, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. जगात कुठेही हे चालून जाईल, पण मुंबईत? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी आपण कुर्ल्यात होतात, कलिन्यात होतात, मिठी नदीच्या दोन्ही काठांवर होतात. शेकडो माणसं गेली. पण पावसाळ्यातली हजेरी धरत नाहीत, त्याला कोण काय करणार? आपण डिसेंबरात या. डिसेंबरात मिठी अगदी शांत असते, नमुना घ्यायलाही सोयीचं पडतं.

आता जरा नाजूक विषय. काही प्रकल्पांत आपल्याला प्रवेशच नाही. रेल्वे आणि मेट्रो हे २००६ च्या यादीत नाहीत, त्यामुळे जमिनीखालून तेहतीस किलोमीटर मेट्रो गेली तरी आपण तिथे जन्माला येऊ शकत नाही. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतली जागा ठरली तेव्हा आपला प्रश्न निघालाच नाही. निघाला तो फक्त झाडांचा. झाडांचं खातं वेगळं. त्यासाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आहे. त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणजे महापालिका आयुक्त. महापालिकेला स्वतःच्याच रस्त्यासाठी झाड तोडायचं असेल, तर अर्ज महापालिकेचा आणि निर्णय महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. अर्जदाराला फार लांब जावं लागत नाही.

आरेत २९ ऑगस्ट २०१९ ला २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ दुसरीकडे लावायला मंजुरी मिळाली. लोक न्यायालयात गेले. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. एरवी या शहरात साधा खड्डा बुजवायला पावसाळा संपावा लागतो. इथे रात्र संपायचीही वाट पाहिली नाही. जमावबंदी लागली, रस्ते अडवले गेले, माणसं पकडली गेली. मग कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि सोमवारी, ७ तारखेला, तोड थांबवली. (पत्र लिहून काय होतं, असं मला घरचे विचारतात, म्हणून ही नोंद.) तोवर सरकारी वकिलांनी सांगून टाकलं होतं की जेवढी तोडायची होती तेवढी तोडून झाली आहेत. मेट्रो महामंडळाचा आकडा २,१४१. म्हणजे स्थगिती आली ती बुंध्यांना. पुढे कारशेड कांजूरमार्गला गेली, परत आरेत आली, आणि एप्रिल २०२३ मध्ये, परवानगी चौऱ्याऐंशी झाडांची असताना महामंडळाने जास्त झाडांसाठी प्राधिकरणाकडे धाव घेतली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांचा दंडही केला. मात्र कारशेडसाठी १७७ झाडं काढायला परवानगी दिली. दंड आणि परवानगी एकाच आदेशात.

हे सगळं चाललं असताना आपण कुठे होतात, असं मी विचारणार नाही. यादीत नाव नसलेल्याने कुठे असावं?

सल्लागारांबद्दल मात्र आपण गैरसमज करून घेऊ नये. ती माणसं वाईट नसतात. त्यांच्याकडे मान्यतेचं प्रमाणपत्र असतं, यंत्रं असतात, मुदत असते. फक्त त्यांची फी प्रकल्पवाला देतो. मुलाकडच्यांनी पैसे मोजून ज्योतिषी बसवावा आणि पत्रिका जुळते का ते त्यालाच विचारावं, तसं आहे हे. जुळते. कधी घाईत थोडी गडबड होते, नाही असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे निघाले होते, आणि त्यामुळे कोकणात स्प्रूस आणि बर्चची जंगलं उगवली होती. तिथल्या आंबेवाल्यांना हे कोणी कळवलं होतं की नाही, कोण जाणे.

तुलनेने कोस्टल रोडमध्ये आपल्याला बरा मान मिळाला. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत समुद्रात भराव घालायचा तर आपल्याला डोळ्यांआड करणं कठीणच. महापालिकेने २०१७ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी घेतली आणि काम सुरू केलं. १६ जुलै २०१९ ला उच्च न्यायालय म्हणालं की २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी घेतलेलीच नाही, सबब काम बंद. मला वाटलं, आता तरी आपली गाठ पडेल! डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि २०२४ पासून त्यावर गाड्या धावू लागल्या. रस्ता छान आहे, मीही त्यावरून गेलो आहे. वाटेत प्रवाळही उचलून दुसरीकडे नेऊन बसवले होते, म्हणजे आपली बदली झाली असं समजा.

या प्रकरणात आपल्याला खरोखर ओळखलं ते वरळी कोळीवाड्याने. या रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर साठ मीटर ठेवलं होतं. कोळी सांगत होते की वारा आणि भरती एकत्र आली की तिथून बोट सुखरूप निघणार नाही. त्यांच्याकडे ना प्रमाणपत्र होतं, ना रंगीत नकाशे. त्यांच्याकडे बोटी होत्या. त्यांनी त्याहून बरंच जास्त अंतर मागितलं, काम अडवलं, वर्षं काढली, आणि शेवटी एकशेवीस मीटरवर तडजोड झाली. एवढ्या मोठ्या कामात कागदावरचं चित्र बदललं ते समितीच्या शेऱ्याने नव्हे, समुद्रात होड्या आडव्या घातल्यामुळे. हे आपण जाहीरपणे कुणाला सांगू नका. सगळेच होड्या शोधायला लागतील.

आपल्या भरपाईची व्यवस्थाही उत्तम आहे. झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, असं राज्याच्या कायद्यात २०२१ पासून आहे. कुठे लावायची, हा तपशील. वर्सोवा ते भाईंदर रस्त्यासाठी खारफुटीच्या जंगलाची जी जमीन जाणार, तिच्या बदल्यात झाडं लावायला चंद्रपूर जिल्ह्यातली जमीन पुढे आली. चंद्रपुरात समुद्र नाही. पण वाघ आहेत, आणि वाघांना सावली लागतेच की! मालाडच्या खाडीत भरतीचं पाणी अडवायचं काम चंद्रपूरची झाडं कसं करतील, ते आपण तिथे गेल्यावर बघून कळवावं.

मंजुरी मिळाल्यावर आपल्यावर लक्ष कोण ठेवतं, असंही आपण विचाराल. अटी असतात, आणि त्या पाळल्या की नाही याचा सहामाही अहवाल प्रकल्पवाल्याने स्वतःच द्यायचा असतो. परीक्षार्थीनेच पेपर तपासायचा ही पद्धत शिक्षण खात्याने अजून कशी उचलली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आणि मंजुरी नसताना बांधून टाकलं असेल, तर? आधी बांधा, मग परिणामाला शोधा, अशी सोय केंद्राने २०१७ मध्ये करून दिली होती. मुंबईच्याच वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला ही मागाहूनची मंजुरी रद्द केली. आपण त्या दिवशी पेढे वाटले असतील तर उरलेले डब्यात ठेवायला हवे होते. १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक अशा मताने तोच निकाल मागे घेतला गेला. तोडण्यात फार पैसा वाया जाईल, असं बहुमताला वाटलं. रुपयांत मोजता येईल अशा वेषात आपण या, मग वाया जाण्याची भीती आपल्याबद्दलही वाटेल.

भाषेचंही सांगून ठेवतो. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, या सगळ्या नियमांचा नवा मसुदा आला तो इंग्रजीत आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणायला सांगितलं, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा गिरगावातल्या, धारावीतल्या, गोराईतल्या लोकांशी आपण मराठीत बोलत असाल तर ती आपली खाजगी बाब. समितीसमोर इंग्रजीत आणि आठ-दहा स्लाइडमध्ये उभं राहायचं.

एवढं सगळं जमलं तर पुढच्या बैठकीला आपण जरूर या. विषयपत्रिकेत आपला क्रमांक मी पाहिला नाही, पण आयत्या वेळचे विषय असतात. अर्ज दोन प्रतींत आणा, फोटो हवाई असावा, आणि तारीख शक्यतो कोरड्या महिन्यातली निवडा. उंचीची अट नाही, क्षेत्रफळाची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक हरकतदार
(हरकत विहित मुदतीनंतर मिळाल्याने विचारात घेता येत नाही, असं उत्तर आधीच मिळालेला)

प्रत माहितीसाठी: मिठी नदी. पात्र पुन्हा वळवलं असल्यास टपालखात्याने नव्या पत्त्यावर पोचवावं.