पेनड्राइव्ह आपला, किल्ली कंपनीची

२ ऑगस्ट २०१६ला गोदावरीला पूर आला, पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला आणि अर्धं नाशिक टीव्हीसमोर बसलं. सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून ज्यांनी त्या दिवशीच्या बातम्या साठवल्या, त्यांनी आज तो घरच्या कॉम्प्युटरला लावून पाहावा. बॉक्स पैसे भरून घेतलेल्या सेवेचा असेल, तर बहुधा काहीच दिसणार नाही. प्लेअर बदलून उपयोग नाही, फाइलचं नाव बदलूनही नाही. रेकॉर्डिंग करतानाच बॉक्सने त्याला कुलूप घातलेलं असतं आणि किल्ली त्या एकाच बॉक्सपाशी असते. बॉक्स जळाला किंवा कंपनी बदलली, की पूरही गेला.

यात तंत्राची अडचण कुठेही नाही. डिजिटल प्रक्षेपण १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांत येतं. ती पाकिटं तशीच साठवली की टीएस फाइल तयार होते, आणि तिची सुरुवात तुटली तरी पुढचं चालतं. दूरदर्शनच्या मोफत फ्री डिश सेवेच्या साध्या बॉक्सवर केलेलं असं रेकॉर्डिंग व्हीएलसी हा प्लेअर सहज दाखवतो. हलत्या चित्राच्या कडा दातेरी दिसल्या तर त्यातली डीइंटरलेस ही सोय चालू करायची. रेकॉर्डिंगचे चार जीबीला तुकडे पडले असतील तर एफएफएमपेग हा प्रोग्रॅम ते चित्राला धक्का न लावता जोडतं. दोन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात. व्हीएलसीची सुरुवातच मुळी १९९६मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. कॅम्पसच्या नेटवर्कवर उपग्रहावरचा टीव्ही बघता यावा, ही तिथल्या विद्यार्थ्यांची खटपट होती. म्हणजे टीव्ही कॉम्प्युटरवर बघणं हा प्रश्न तिशीच्या घरात आलाय, आणि कधीचाच सुटलाय.

कायदाही आड येत नाही. कॉपीराइट कायद्याचं ३९वं कलम सांगतं, की स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग केलं तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. संसदेने दिलेली ही मुभा बॉक्स बनवणारा काढून घेतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. मार्च २०१३अखेर नाशिकसह ३८ शहरांत केबल डिजिटल करायची मुदत घातली गेली, प्रक्षेपण कुलूपबंद करणं सक्तीचं झालं. पैसे बुडवणाऱ्यांना रोखायला ते ठीक होतं. पण ज्याने महिन्याचे पैसे भरले, ज्याच्या टीव्हीवर चित्र रीतसर उमटलं, त्याच्या पेनड्राइव्हला कुलूप कशासाठी?

नाशिकने तरी हे निमूट सोसू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी इथे हिंदुस्थान फिल्म कंपनी चालवली, आणि आज त्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झालेत. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच उरलेत. टीव्हीचं वेगळं नाही. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे जुने भाग स्वतःच पुसून टाकले, त्यांचे आवाज वाचले ते घरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. संस्था फेकून देतात, घरं जपतात. पुराच्या दिवशी गल्लीगल्लीत फिरलेल्या स्थानिक केबलच्या कॅमेऱ्याने जे टिपलं, ते पन्नास वर्षांनी कुठल्या सरकारी कपाटात सापडेल अशी माझी तरी खात्री नाही.

दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०२०मध्ये शिफारस केली, की कंपनी बदलली तरी बॉक्स तोच चालावा. चांगली शिफारस, पण ती बॉक्सपुरती झाली, रेकॉर्डिंगचं काय? निदान दूरदर्शनच्या सह्याद्रीसारख्या फुकट वाहिन्यांचं आणि स्थानिक केबलच्या बातम्यांचं रेकॉर्डिंग साध्या टीएस फाइलमध्येच साठलं पाहिजे, अशी अट बॉक्सच्या मानकात घाला. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलवाल्याला कायद्याने बंधनकारक आहे. त्या साठवू देणंही बंधनकारक करा. आणि हे २०२६-२७च्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी करा. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावरून जे थेट दाखवलं जाईल, ते घरोघरी साठवलं जाणार आहे.